प्लास्टिकच्या तंतूंतील प्रकाशाची गळती



गणपतीच्या आराशींत किंवा दिवाणखान्यांतल्या मेजावर एक प्रकारचा शोभेचा दिवा हल्लीं पुष्कळ घरांतून दिसतो. खालीं लहानशी पेटी, पेटींत दिवा, आणि वर केसांसारख्या शेंकडों धाग्यांचा झुपका. धाग्यांचीं अंगें जवळजवळ अंधारींच असतात. टोंकें मात्र चांदण्यांप्रमाणें चमकतात. असा एखादा धागा कोणीं जोरानें वांकवून मुरगळला, तर मुरगळलेल्या जागीं तो उजळतो आणि त्याच वेळीं त्याचें टोंक मंदावतें. मधल्या जागीं जो प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसला, तो वस्तुतः टोंकाशीं पोंचावयाचा होता. वाटेंत अशी होणारी ही गळती कमी कशी करावी, या एका प्रश्नामागें गेल्या साठ वर्षांत रसायनशास्त्रज्ञ, यंत्रज्ञ आणि कारागीर लागलेले आहेत. त्यांच्या त्या खटपटीची हकीकत आज मी सांगणार आहें.

प्रथम हें पाहूं कीं, प्रकाश धाग्यांत राहतोच कां. जिनिव्हा येथील प्राध्यापक कोलाडॉन यांनीं १८४१ सालीं पाण्याच्या धारेंतून प्रकाश नेऊन दाखविला, आणि १८५४ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जॉन टिंडॉल यांनीं तोच चमत्कार आपल्या श्रोत्यांपुढें केला. हा प्रयोग वर्गांत करण्यास खर्च असा कांहींच येत नाहीं. पाण्याच्या पारदर्शक बाटलीला तळाजवळ लहानसें भोंक पाडावें, खोलींत अंधार करावा, आणि भोंकाच्या नेमक्या पलीकडच्या बाजूनें विजेची बत्ती धरावी. धार वांकून खालीं पडते आणि तिच्याबरोबर प्रकाशहि वांकल्यासारखा दिसतो. शाळेंत शिकवीत असतां हा प्रयोग मीं अनेकदां केला आहे. धारेखालीं धरलेल्या तळहातावर उजेडाचा ठिपका पडला कीं मागच्या बांकावरचीं मुलेंहि उठून उभीं राहात.

प्रकाश येथें खरोखर वांकत नाहीं. तो सरळच जातो, पण धारेच्या भिंतीवर फार तिरप्या अंगानें आपटतो, आणि तसा आपटला म्हणजे पाण्यांतून हवेंत न निघतां संपूर्णपणें आंत परत फेंकला जातो. प्लास्टिकच्या तंतूंत पाण्याच्या जागीं ॲक्रिलिकचा गाभा असतो व हवेच्या जागीं दुसऱ्या एका प्लास्टिकचें पातळ आवरण असतें. ॲक्रिलिकचें शास्त्रीय नांव पॉलिमिथिल मेथाक्रिलेट. त्याचा वक्रीभवनांक सुमारें १.४९, आवरणाचा त्याहून कमी, सुमारें १.४०. या दोन आंकड्यांवरून हिशेब केला तर असें निघतें कीं, तंतूच्या भिंतीशीं सुमारें २० अंशांहून कमी कोन करून जो किरण आपटेल तो आंत राहील. त्याहून उभा आपटेल तो आवरणांत शिरून नाहींसा होईल.

या परावर्तनाचा एक विशेष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. एक मिलिमीटर जाडीच्या तंतूंत असा २० अंशांचा किरण एका मीटरच्या वाटेंत साडेतीनशेंहून अधिक वेळां भिंतीवर आपटतो. भिंतीच्या जागीं शेंकडा ९५ भाग प्रकाश परत पाठविणारा आरसा असता, तर पहिल्या शंभर टकरांतच शेंकडा एक भागहि प्रकाश उरला नसता. संपूर्ण आंतर-परावर्तनांत मात्र टकरीगणिक कांहींच जात नाहीं. अर्थात् भिंत निर्दोष असेल तरच. गाभा आणि आवरण यांच्या सांध्यावर एखादा धुळीचा कण, एखादा बुडबुडा किंवा खरबरीतपणा राहिला, तर शेंकडों टकरांत तो दोष शेंकडों वेळां भोवतो. म्हणून आवरण हें निवळ संरक्षणासाठीं आहे असें जें पुष्कळांना वाटतें तें खरें नव्हे. संरक्षणासाठीं त्याच्यावर आणखी एक काळें कवच असतें.

आतां गळती मोजावयाची कशी? तिचें माप डेसिबेल. हा शब्द रुक्ष आहे, पण कल्पना सोपी आहे. समजा, एक माणूस एक रुपया घेऊन प्रवासास निघाला, आणि वाटेंतल्या प्रत्येक नाक्यावर हातांत असेल त्याचा निम्मा त्याला जकात म्हणून द्यावा लागला. पहिल्या नाक्यापुढें पन्नास पैसे, दुसऱ्यापुढें पंचवीस, तिसऱ्यापुढें साडेबारा. असा एकेक नाका म्हणजे स्थूल मानानें तीन डेसिबेल. दहा डेसिबेल झाले कीं रुपयाचे दहा पैसे उरतात, वीस झाले कीं एकच पैसा.

उत्तम कांचतंतूंत किलोमीटरला सुमारें ०.२ डेसिबेल गळती होते. म्हणजे प्रकाश निम्मा होण्यास पंधरा किलोमीटर जावें लागतें. बाजारांत मिळणाऱ्या साध्या प्लास्टिकच्या तंतूंत तांबड्या प्रकाशाची गळती किलोमीटरला सुमारें १५० डेसिबेल असते. म्हणजे वीस मीटरांत, एखाद्या मोठ्या वाड्याच्या दिंडीदरवाजापासून परसापर्यंत जाईतोंच, प्रकाश निम्मा झाला. शंभर मीटरांवर रुपयाचे तीन पैसे शिल्लक.

हे आंकडे ऐकल्यावर कोणीहि विचारील कीं, कांच एवढी सरस असतां प्लास्टिकची उठाठेव करावीच कां? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाहि वेळोवेळीं विचारण्यांत आला आहे, आणि त्याचें उत्तर तंतूच्या जाडींत आहे. लांब पल्ल्याच्या कांचतंतूंत प्रकाश ज्या गाभ्यांतून जातो तो सुमारें ९ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनहि बारीक. असे दोन गाभे एकमेकांसमोर बसवावयाचे म्हणजे खास यंत्र आणि तयार माणूस पाहिजे. धुळीचा एक कण मधें आला तरी वाट बंद. प्लास्टिकच्या तंतूचा गाभा ९८० मायक्रोमीटर, म्हणजे शंभर पटींहून जाड. तो साध्या पात्यानें कापतां येतो, बोटांनीं धरतां येतो, थोडा वांकडा बसला तरी काम चालतें, आणि मोडला तर कांचेसारखी कूस बोटांत शिरत नाहीं. घर, मोटार, कारखाना, रुग्णालय अशा जागीं, जेथें अंतर थोडें पण हाताळणारे हात सामान्य, तेथें प्लास्टिकला तोड नाहीं. परंतु गळती आटोक्यांत आली तरच. पहिल्या प्लास्टिक-तंतूंत ती नव्हती. अमेरिकेच्या ड्यू पाँट कंपनीनें १९६०-७० च्या दशकांत 'क्रोफॉन' या नांवाचा तंतु काढला, त्या काळांत गळती किलोमीटरला सुमारें हजार डेसिबेल होती. दहा मीटरांत रुपयाचे दहा पैसे. शोभेच्या दिव्याला तेवढें पुरे. पलीकडे कांहीं नाहीं.

मार्ग दाखविला तो कांचेच्या शास्त्रज्ञांनीं. पंजाबांत जन्मलेले आपले नरिंदरसिंग कपानी यांनीं हॉपकिन्स यांच्याबरोबर लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत कांचतंतूंच्या जुडग्यांतून चित्र नेऊन दाखविलें, व १९५४ सालीं 'नेचर' नियतकालिकांत त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्या वेळची कांच मात्र फार गढूळ होती. १९६६ सालीं चार्ल्स काव यांनीं हॉकहॅम यांच्यासह असें प्रतिपादन केलें कीं, ही गळती कांचेच्या अंगची नाहीं. ती कांचेंतल्या लोखंडादि धातूंच्या मळाची आहे, आणि मळ काढला तर किलोमीटरला २० डेसिबेलांच्या खालीं येतां येईल. १९७० सालीं अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनींतील मॉरर, केक व शुल्ट्झ यांनीं तें खरें करून दाखविलें. काव यांना २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मला या सगळ्या हकीकतींत सर्वांत मोलाची वाटते ती काव यांची विभागणी: द्रव्याच्या अंगची गळती कोणती आणि आपल्या हातून शिरलेली कोणती. ही विभागणी केल्यावांचून झगडावें कोणाशीं हेंच कळत नाहीं. प्लास्टिकच्या बाबतींत नंतर हेंच केलें गेलें.

हातून शिरलेली गळती आधीं घेऊं. ॲक्रिलिक ज्या द्रवापासून बनतें तो मिथिल मेथाक्रिलेट पाण्यासारखा पातळ असतो. ठेवल्या ठेवल्या तो आपोआप गोठूं नये म्हणून कारखानदार त्यांत एक रोधक द्रव्य घालतात. तंतूसाठीं वापरावयाचा तर तें प्रथम काढावें लागतें. मग कमी दाबाखालीं ऊर्ध्वपातन करून द्रव शुद्ध करावयाचा, अतिसूक्ष्म गाळण्यांतून धूळ काढावयाची. लोखंड, तांबें, निकेल, क्रोमियम, कोबाल्ट या धातूंचा लवलेशहि चालत नाहीं. कोबाल्ट तर अब्ज भागांत एक-दोन भाग असला तरी त्याचा परिणाम मोजतां येतो. पाणी उरलें तरी तें आपल्या परीनें प्रकाश खातें.

शुद्ध केलेला द्रव पुन्हां हवेस लागूं द्यावयाचा नाहीं, हें या कारखान्याचें मुख्य व्रत. आमच्याकडे सोंवळ्यांतला स्वयंपाक करणारी बाई चुलीपासून पानापर्यंत मधें कोणाला शिवूं देत नाहीं, तसें येथें ऊर्ध्वपातनापासून तंतु निघेपर्यंत सर्व क्रिया बंद भांड्यांत, एका नळींतून दुसऱ्या नळींत चालते. साधें ॲक्रिलिक पाण्यांत कालवून मण्यांच्या रूपानें बनविण्याची एक स्वस्त रीत आहे, पण तींत साबणासारखीं साहाय्यक द्रव्यें मण्यांना चिकटून राहतात. म्हणून तंतूसाठीं द्रव तसाच, दुसरें कांहीं न मिसळतां, गोठवितात. येथेंहि एक अडचण आहे. गोठतांना हा द्रव आपल्या आकारमानाच्या सुमारें एक पंचमांशानें आकसतो. घाई केली तर आंत पोकळ्या राहतात, आणि पोकळी म्हणजे प्रकाशाला वाटेंतला दगड. सावकाश आणि ठराविक उष्णतेनेंच काम व्हावें लागतें. उष्णता अधिक झाली तर साखळ्या तुटून पदार्थ पिंवळट होतो, व निळा-हिरवा प्रकाश त्यांत अडकतो. त्यानंतर वितळलेला गाभा आणि त्याच्याभोंवतीं वितळलेलें आवरण एकाच तोंडांतून, शेवयांच्या सांच्याप्रमाणें, बाहेर ओढतात. ओढण्याचा वेग क्षणोक्षणीं बदलला तर तंतु कोठें जाड कोठें बारीक होतो, आणि ज्या किरणाचा कोन कसाबसा मर्यादेंत होता तो मर्यादेबाहेर जातो. फार ताण दिला तर रेणूंच्या साखळ्या एका दिशेनें ताणून बसतात व त्यामुळेंहि प्रकाश विखुरतो.

एवढें सगळें पाळूनहि जी गळती उरते ती द्रव्याच्या अंगची. तिचे मुख्य भाग दोन. पहिला विखुरणें. ज्या कारणानें आकाश निळें दिसतें तेंच कारण येथें काम करतें. रेणूंची दाटी सर्वत्र अगदीं सारखी नसते. जेथें ती किंचित् कमीअधिक होते तेथें प्रकाश थोडा बाजूला फांकतो. लॉर्ड रॅले यांनीं दाखविल्याप्रमाणें लहरी जितक्या आंखूड तितकें हें विखुरणें फार वेगानें वाढतें: लांबी निम्मी झाली तर विखुरणें सोळापट. ॲक्रिलिकमध्यें तांबड्या प्रकाशाला यामुळें किलोमीटरला १२-१३ डेसिबेल गळती होते. हिरव्याला तिच्या दुपटीहून अधिक. यावर उपाय नाहीं.

दुसरा भाग अधिक मौजेचा आहे, म्हणून त्यावर थोडा वेळ घेतों. तंबोरा लावला म्हणजे खर्जाच्या तारेंतून गंधार ऐकूं येतो, तो कोणीं छेडलेला नसतो. तारेच्या मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पांचपट कंपनें आपोआप त्यांत मिसळलेलीं असतात. पांचवें तें गंधाराचें. रेणूंचेंहि असेंच आहे. ॲक्रिलिकच्या प्रत्येक एककांत पांच कार्बन, दोन ऑक्सिजन आणि आठ हायड्रोजन अणु असतात. कार्बन आणि हायड्रोजन यांचा जोड स्प्रिंगेप्रमाणें कांपतो, आणि त्याच्या मूळ कंपनाशीं जुळणारा प्रकाश तो शोषून घेतो. हा प्रकाश सुमारें ३.४ मायक्रोमीटर लांबीच्या लहरींचा, डोळ्यांना न दिसणारा. त्यानें आपलें कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें वरच्या स्वरांनीं. या जोडाचे पांचपट, सहापट, सातपट स्वर, नेमक्या पटींत नव्हे तर किंचित् उतरलेले, तांबड्या व पिंवळ्या-हिरव्या प्रकाशांत येऊन पडतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. त्या मापानें सहावा स्वर ६२७ च्या आसपास व सातवा ५५० च्या आसपास पडतो. प्रत्येक पुढचा स्वर मागच्याच्या सुमारें दहाव्या हिश्शानें क्षीण असतो, तरीहि तंतु लांब असला कीं तेवढाहि जाणवतो.

या स्वरांच्या मधल्या मोकळ्या जागा म्हणजे प्रकाशाला जाण्याच्या खिडक्या. ॲक्रिलिकमध्यें त्या ५२०, ५७० आणि ६५० नॅनोमीटरांजवळ आहेत: हिरवी, पिंवळी आणि तांबडी. गणितानें पाहतां ६५० च्या खिडकींत किलोमीटरला सुमारें १०६ डेसिबेलांच्या खालीं जातांच येत नाहीं. उलट ५७० च्या खिडकींत मर्यादा ३५ च्या आसपास आहे. जपानच्या निप्पॉन टेलिग्राफ अँड टेलिफोनच्या प्रयोगशाळेंत कैनो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० नंतरच्या वर्षांत ५५ डेसिबेलांपर्यंत मजल मारली. एका हजारावरून पंचावन्न. हा सगळा फरक मुख्यतः स्वच्छतेचा आहे, आणि मला त्याचें फार कौतुक वाटतें.

आतां कोणी म्हणेल, तांबडी खिडकी अधिक गळकी असतां जगानें बहुतेक तांबडाच दिवा कां धरला? कारण व्यवहाराचें आहे. तांबडा प्रकाश देणारे लहान विद्युत्-दिवे आधीं तयार झाले, स्वस्त मिळाले, वेगानें लुकलुकूं लागले. चांगले हिरवे दिवे १९९० नंतर आले. तोंपर्यंत सारी यंत्रसामग्री तांबड्याच्या मापानें बेतली गेली होती. शिवाय तांबडी खिडकी अरुंद आहे. दिवा तापला म्हणजे त्याचा रंग थोडा सरकतो, आणि खिडकीच्या चौकटीला घासून जातो. म्हणजे उन्हाळ्यांत गळती वाढते. हिरव्याला हा त्रास कमी. अधिक लांब पल्ला असेल किंवा तापमान बदलतें असेल तेथें आतां हिरवा दिवा वापरणें शहाणपणाचें ठरतें, पण रुळलेली वाट लोक लवकर सोडीत नाहींत.

खिडक्या आहेत तेवढ्यांतच समाधान न मानतां कांहींनीं स्वरच बदलावयाचें ठरविलें. तंबोऱ्याची तार जड घातली तर तिचा स्वर उतरतो. तसें साध्या हायड्रोजनच्या जागीं जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम, घातला तर जोडाचें कंपन मंद होतें आणि त्याचे सगळे वरचे स्वर खालीं सरकतात. दृश्य प्रकाशांत मग फक्त फार क्षीण असे आठवे-नववे स्वर उरतात. ड्यू पाँटमध्यें १९७७ च्या सुमारास या मार्गानें प्रयत्न झाला, आणि पुढें जपानी प्रयोगशाळेंत किलोमीटरला २० डेसिबेलांपर्यंत गळती उतरली. शंभर मीटरांवर रुपयाचे त्रेसष्ट पैसे! परंतु हें द्रव्य अतिशय महाग, आणि दुसरें असें कीं ॲक्रिलिक हवेंतली ओल शोषतें. त्या पाण्यांतला हायड्रोजन साधाच असतो. तो आपले स्वर घेऊन पुन्हां आंत येतो. एवढा खर्च करून बाहेर घालविलेला पाहुणा पावसाळ्यांत मागच्या दारानें घरांत. म्हणून हा तंतु प्रयोगशाळेंतच राहिला.

त्यापेक्षां टिकाऊ उपाय निघाला तो फ्लोरीनचा. हायड्रोजन मुळींच न ठेवतां सर्व जागीं फ्लोरीन बसविला तर कंपन आणखी मंद होतें, आणि असा पदार्थ पाणीहि जवळजवळ शोषीत नाहीं. केओ विद्यापीठाचे यासुहिरो कोइके आणि जपानची असाही ग्लास कंपनी यांनीं या मार्गानें केलेला तंतु २००० सालीं 'लुसिना' या नांवानें बाजारांत आला. साध्या ॲक्रिलिकमध्यें अवरक्त प्रकाशाला वाटच नाहीं. या तंतूंत ती १.३ मायक्रोमीटरांपर्यंत खुली आहे, आणि प्रयोगशाळेंत किलोमीटरला दहा डेसिबेलांच्या आसपास गळती आणतां आली आहे. गणिती मर्यादा तर ०.३ आहे, म्हणजे कांचेच्या शेजारीं बसण्यासारखी. किंमत मात्र साध्या तंतूहून फार जास्त, म्हणून त्याचा प्रसार बेताचाच झाला.

कारखान्याची बाजू एवढी पुरे. तंतु आपल्या हातीं आल्यावर जी गळती होते तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष नसतें, आणि माझ्या मतें खरी उधळपट्टी तेथेंच होते. तंतूच्या प्रत्येक टोंकाशीं, तें कितीहि गुळगुळीत असलें तरी, शेंकडा चार भाग प्रकाश परत फिरतो. खिडकीच्या कांचेंत आपला चेहरा दिसतो तो याच कारणानें. दोन टोंकांचे मिळून आठ. म्हणजे सव्वादोन मीटर तंतूंत जेवढा प्रकाश गळतो तेवढा. दोन तंतु जोडतांना मधल्या फटींत, दोहोंच्या वक्रीभवनांकाशीं मिळताजुळता पारदर्शक जेलीसारखा लेप भरला तर सांध्यावरची ही हानि जवळजवळ नाहींशी होते. पण टोंक जर कात्रीनें कापलें असेल, तर कात्री तंतूला कापण्याआधीं चिरडते. तोंड पांढरट, फुटक्या कांचेसारखें होतें. अशा एकाच तोंडावर निम्मा प्रकाश गेला तर वीस मीटर तंतु फुकट गेल्यासारखा झाला. धारदार, नव्या पात्यानें, तंतूला काटकोनांत, एकाच दाबानें कापावें. नंतर पाण्यानें ओला केलेला बारीक पॉलिशकागद सपाट कांचेवर ठेवून त्यावर टोंक इंग्रजी आठाच्या आंकड्याप्रमाणें फिरवावें. आधीं सहाशें नंबरचा, मग त्याहून बारीक, मग सर्वांत बारीक. टोंक उभें राहावें म्हणून भोंक पाडलेला एखादा ठोकळा वापरावा. भिंगांतून पाहिलें असतां ओरखडे दिसेनासे झाले म्हणजे काम झालें. ॲसिटोन किंवा थिनर यांनीं तंतु पुसण्याचा मोह मात्र आवरावा. ॲक्रिलिक त्यांत विरघळतें.

वांक हा दुसरा चोर. तंतु वांकला कीं आंतला किरण बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर अधिक उभा आपटतो, आणि मघां सांगितलेली २० अंशांची मर्यादा ओलांडतो. एक मिलिमीटर तंतूचा वांक २५ मिलिमीटर त्रिज्येहून लहान करूं नये असा सर्वसाधारण नियम आहे, म्हणजे पाण्याच्या पेल्याएवढ्या वर्तुळाहून आंखूड वळण नको. सुतळीनें किंवा पट्टीनें करकचून बांधणें तितकेंच वाईट. उष्णतेचेंहि भान ठेवावें: साधा ॲक्रिलिक तंतु ७०-८५ अंश सेल्सियसपर्यंत टिकतो. शोभेच्या दिव्यांत पूर्वीं प्रखर हॅलोजन दिवे असत, त्यांच्याजवळचीं टोंकें वितळून काळवंडत आणि सबंध झुपका फिका पडे. लोक म्हणत, दिवा जुना झाला.

अशी काळजी घेतली तर १५० डेसिबेलांचा तंतुहि पुष्कळ काम देतो. ध्वनियंत्रें जोडण्यासाठीं तोशिबा कंपनीनें १९८३ सालीं काढलेली तोसलिंक जोडणी, किंवा २००१ सालीं बी.एम.डब्ल्यू. सात-मालिकेच्या मोटारींत बसविलेलें प्लास्टिक-तंतूंचें जाळें, यांत अंतर थोड्या मीटरांचें असतें. दहा मीटरांत दीड डेसिबेल. रुपयाचे सत्तर पैसे उरतात, आणि मोटारीच्या हादऱ्यांत जाड तंतु आपल्या जागेवर राहतो. येथें गळती आणखी उतरविण्याची निकडच नाहीं.

निकड कोठें आहे, तें सांगून हें भाषण संपवितों. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेंत सी.एम.एस. नांवाचें प्रचंड यंत्र आहे. त्याच्या हॅड्रॉन-मापकाचा बाहेरचा थर उभारण्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वांटा आहे. त्यांत विशिष्ट प्लास्टिकच्या फरशा बसविलेल्या आहेत. कणांच्या टकरींतून निघालेला कण फरशींतून गेला कीं ती क्षणभर निळसर चमकते. फरशींत खांचा कोरून त्यांत रंगद्रव्य मिसळलेला प्लास्टिक-तंतु बसविलेला असतो. तो निळा प्रकाश शोषून हिरवा प्रकाश देतो. हा हिरवा प्रकाश तंतूच्या आंत सर्व दिशांना फांकतो, म्हणून साध्या आवरणाच्या तंतूंत एका दिशेला त्यांतला शेंकडा तीन भागच अडकून पुढें जातो. एकावर एक दोन आवरणें घातलीं, आंतल्याहून बाहेरचें कमी वक्रीभवनांकाचें, तर तो भाग पांचाच्या थोडा वर जातो. मुळांत चमक इतकी क्षीण, कीं येथें प्रकाशाचे कण शब्दशः मोजावे लागतात. वाटेंत गेलेला कण भरून काढण्यास दुसरा नसतो, आणि दिवा मोठा करावयाची सोयहि नसते, कारण दिवा निसर्गाच्या हातीं. पुन्हां रंगद्रव्याचा तंतु स्वतःच आपला कांहीं प्रकाश शोषतो. म्हणून तो फरशीपुरताच ठेवतात, आणि फरशीच्या कडेशीं आल्यावर त्याचें टोंक घासून गुळगुळीत करून, उष्णतेनें वितळवून, रंगहीन स्वच्छ तंतूला एकजीव जोडतात. पुढचे कांहीं मीटर प्रकाश त्या स्वच्छ तंतूंतून मापकयंत्रापर्यंत जातो.